बिल्ल्यावरचे नाव

वडील गेल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी एका कापडी पिशवीत पगाराच्या पावत्या, युनियनच्या वेतन करारांच्या पातळ पुस्तिका आणि कारखान्याचा पितळी बिल्ला होता. पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली. बिल्ल्यावर टोकन नंबर होता आणि कंपनीचे नाव. त्याच आठवड्यात भाचा घरी आला. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर मात्र कारखान्याचे नाव नव्हते, कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे होते. "मामा, सात महिने झाले की ब्रेक देतात. मग दुसऱ्याच्या नावाचं कार्ड," तो म्हणाला.

पिंपरी ते चाकण अंतर वीसेक किलोमीटरचे. या दोन बिल्ल्यांमधले अंतर किती, हे शोधायला मी किमान वेतनाच्या कायद्यापासून सुरुवात केली आणि आफ्रिकेतल्या दोन देशांपर्यंत जाऊन पोचलो.

किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात एप्रिल १९४६ मध्ये मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा त्यांच्याकडे होते. कायदा झाला १९४८ मध्ये. त्याच सुमाराच्या न्याय्य वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : किमान, न्याय्य आणि निर्वाह वेतन. किमान पायरीत काय बसते, हे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने हिशेबात मांडले. एका कमावत्यामागे तीन खाणारी तोंडे, प्रत्येकी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के. पुढे १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. म्हणजे किमान वेतन ही कल्पनासुद्धा पोटापुरती कधीच नव्हती. आणि ती पहिली पायरी होती. वरच्या पायऱ्या कामगारांनी वाटाघाटी करून चढायच्या होत्या.

पिंपरीने त्या चढून दाखवल्या. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पाठोपाठ टेल्को, बजाज आणि त्यांना माल पुरवणारी शेकडो वर्कशॉपे आली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. वडिलांच्या पुस्तिका वाचल्या की लक्षात येते, दर कराराला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, रजा, कँटीन यांवर कलमागून कलम झगडून मिळवलेले आहे. सगळे झगडे जिंकले गेले नाहीत. सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेल्या टेल्कोच्या कामगारांना पोलिसांनी रात्रीतून उचलले. तरीही वडिलांच्या एकाही पावतीवर 'किमान वेतन' हे शब्द नाहीत. ती पायरी त्यांच्या कितीतरी खाली राहिली होती.

भाच्याची पावती मी त्याशेजारी ठेवली. मूळ वेतन आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता यांची बेरीज सरकारी अधिसूचनेतल्या आकड्याशी रुपयाने जुळते. कायदा मोडलेला नाही. जी जमीन म्हणून आखली होती, तिचेच छत झाले आहे. शेजारच्या यंत्रावर तेच काम करणारा कायम कामगार वेगळ्या रंगाच्या गणवेशात असतो आणि त्याचा पगार वेगळ्याच करारातून येतो. २०१३ पासून काही वर्षे 'नीम' योजनेतले प्रशिक्षणार्थीही असेच लाइनवर उभे राहिले. त्यांचे विद्यावेतन अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके, आणि कायद्याच्या लेखी ते कामगारच नव्हते.

आता आफ्रिका. युगांडात किमान वेतन १९८४ मध्ये ठरले : महिना ६,००० शिलिंग. २०१९ मध्ये तिथल्या संसदेने नवा कायदा संमत केला, पण राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही. कंपाला शहरात भाड्याने माणसे वाहणाऱ्या हजारो मोटरसायकली बजाजच्या बॉक्सर आहेत. त्या कंपनीचे मुख्य कार्यालय आमच्या आकुर्डीत आहे. माल तिथवर पोचला, किमान वेतन मात्र १९८४ मध्येच थांबले. दक्षिण आफ्रिकेने १ जानेवारी २०१९ पासून देशभर तासाला २० रँड हा दर लागू केला. शेतमजुरांना १८ आणि घरकामगारांना १५ असे खालचे दर ठेवले होते, पण २०२१ मध्ये शेतमजूर आणि २०२२ मध्ये घरकामगार सर्वांच्या बरोबरीला आणले.

दोन देशांचे दर शेजारी मांडले की आपण युगांडापेक्षा बरे ठरतो आणि समाधान मानतो. मला अडवले ते दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका कलमाने. पुरवठादारामार्फत आलेला, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पगाराचा कामगार एका ठिकाणी तीन महिन्यांहून अधिक काळ राबला, तर श्रम कायद्यापुरता त्याचा मालक तो कारखानाच. धातुकामगारांच्या संघटनेने लढवलेल्या खटल्यात २०१८ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने हा अर्थ पक्का केला. त्या देशात दर तीन कामेच्छूंमागे जवळपास एक जण बेकार आहे, तेव्हा तिथे सारे आलबेल आहे असे कोणी म्हणणार नाही. पण मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले.

आपल्याकडे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत सारख्या कामाला सारखे वेतन लिहिलेले होते. मात्र काम सारखे आहे, हे आधी श्रम आयुक्तांपुढे ठरावे लागे. सात महिन्यांचा माणूस ते कधी सिद्ध करणार? कंत्राटी पद्धतीवर बंदी आली, तर तिथले कामगार मुख्य मालकाचे होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया खटल्यात म्हटले होते. २००१ च्या स्टील ऑथॉरिटी खटल्यात घटनापीठाने ते फिरवले : बंदी आली म्हणून नोकरी आपोआप मिळत नाही. चाकणची भरभराट या निकालानंतरची आहे. वेतनाचा आकडा सहामाहीला वाढत राहील, पण वरची पायरी चढायला ज्याच्याशी बोलायचे, त्याचे नावच कार्डावर नसेल तर करार करायचा कोणाशी?

भाच्याने आजोबांचा बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"यांचा नंबर कधीच बदलला नाही?"

"नाही," मी म्हणालो. "रिटायर होईपर्यंत तोच."

त्याने तो पुन्हा पिशवीत ठेवला. त्याची दुसरी पाळी होती.