स्टँड-अप पॅडलबोर्डचे वल्हे

स्टँड-अप पॅडलबोर्डचे वल्हे हे रुंद फळीवर उभे राहून पाणी कापत जाण्यासाठी वापरले जाणारे, एकाच टोकाला पाते असलेले लांब वल्हे आहे. होडीतील वल्हेकरी बसलेला असतो, तर पॅडलबोर्डवरील वल्हेकरी उभा असतो. त्यामुळे हे वल्हे माणसाच्या उंचीपेक्षा थोडे लांब असते आणि त्याचे पाते दांड्याशी किंचित कोन करून पुढे झुकलेले असते. फळीला गती देणे, दिशा बदलणे, तोल सावरणे आणि थांबणे ही चारही कामे या एकाच साधनाने होतात.

या वल्ह्याचे दोन प्रमुख उपयोग आहेत. पहिला सर्फिंग, म्हणजे फुटत्या लाटेच्या उतारावरून फळी घसरवत नेणे; दुसरा क्रूझिंग, म्हणजे तलाव, खाडी, नदी किंवा शांत समुद्रावर दूरपर्यंत संथपणे वल्हवत जाणे. या दोन उपयोगांच्या गरजा बऱ्याच अंशी परस्परविरोधी आहेत. एकासाठी योग्य असलेले वल्हे दुसऱ्यासाठी गैरसोयीचे ठरू शकते. चुकीच्या मापाच्या वल्ह्याचा ताण खांदा, कोपर व कंबर यांवर पडतो. म्हणून वल्ह्याची निवड किमतीपेक्षा वापरणाऱ्याची उंची, वजन आणि वापराचे पाणी यांवरून केली जाते.

## नाव व इतिहास

हवाई भाषेत या खेळाला ‘होए हेए नालू’ म्हणतात. ‘होए’ म्हणजे वल्हे आणि ‘हेए नालू’ म्हणजे लाटेवरून घसरणे. विसाव्या शतकाच्या मध्यास ओआहू बेटावरील वायकीकी किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे ‘बीच बॉय’ कधी कधी मोठ्या फळीवर उभे राहून वल्हे मारत. उंचीवरून शिकाऊंवर नजर ठेवता येई आणि दूरवरून येणारी लाटही आधी दिसे. त्यांच्या हातातील वल्ही मात्र होडीचीच असत. बाजूला तरंगक जोडलेल्या पॉलिनेशियन होडीचे वल्हे साधारण १२० ते १३५ सेंटीमीटर लांब असते. उभ्या माणसाला ते वापरताना बरेच वाकावे लागते.

इ.स. २००० च्या सुमारास माउई बेटावरील सर्फर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी या पद्धतीला नव्याने चालना दिली आणि उभ्या माणसाच्या मापाची लांब वल्ही प्रचारात आली. आरंभीची वल्ही लांब आणि मोठ्या पात्याची असत. पुढे अनुभवाने लांबी व पात्याचे क्षेत्रफळ दोन्ही कमी होत गेले. पाते दांड्याशी कोनात बसवण्याची कल्पना पॅडलबोर्डच्या आधीची आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील कनू-रचनाकार यूजीन जेन्सन यांनी १९७० च्या दशकात वाकड्या दांड्याचे वल्हे शर्यतींत रूढ केले होते.

आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेची या खेळातील पहिली जागतिक स्पर्धा २०१२ मध्ये पेरू देशात झाली. हा खेळ मुळात सर्फिंगचा की वल्हवण्याचा, हा वाद पुढे संघटनांमध्येही उद्भवला. ऑलिंपिक स्तरावर त्याचे नियमन आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेने करावे, असा निर्णय क्रीडा लवाद न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. वल्ह्याच्या निवडीतही हाच दुहेरीपणा दिसतो.

## रचना

वल्ह्याचे मूठ, दांडा व पाते असे तीन भाग असतात. मूठ वरच्या टोकाला आडवी, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची असून वरचा हात तिच्यावर टेकतो. दांडा गोल किंवा किंचित लंबगोल असतो आणि त्याचा व्यास साधारण २५ ते ३० मिलिमीटर असतो. पाते पाण्यात बुडून पाण्याचा रोध घेते. दांडा आणि पाते जेथे जुळतात त्या भागाला वल्ह्याची मान म्हणतात.

पात्याच्या मागील, म्हणजे वल्हेकऱ्याकडील बाजूवर पाण्याचा दाब येतो. अनेक पात्यांच्या या बाजूला मधोमध उभा उंचवटा असतो. त्यामुळे पाणी दोन्ही कडांकडे सारखे वाहते आणि पाते थरथरत नाही.

पाते वल्हेकऱ्यापासून दूर, पुढच्या दिशेला झुकलेले धरावयाचे असते. पळीने पाणी उपसावे तसे ते आपल्याकडे वळवून धरणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. पाते पुढे झुकलेले असल्यामुळे ते ओढीच्या उत्तरार्धात उभे राहते आणि पाणी वर उचलण्याऐवजी मागे ढकलते.

## वल्हवण्याची क्रिया

वल्हे पाण्यात घालून मागे खेचण्याच्या प्रत्येक क्रियेला ओढ म्हणता येईल. ओढीचे चार टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात पाते शक्य तितके पुढे नेऊन मानेपर्यंत बुडवले जाते. दुसऱ्यात धडाच्या वळणाने आणि वरच्या हाताच्या दाबाने फळी पात्याकडे खेचली जाते. तिसऱ्यात पाते पावलांजवळ पोहोचताच बाहेर काढले जाते आणि चौथ्यात ते पुन्हा पुढे नेले जाते. पाते पावलांच्या फार मागे गेल्यास ते पाणी वर उचलू लागते. त्यात शक्ती वाया जाते आणि फळी वळते.

लांबीचा प्रश्न या पहिल्या टप्प्याशी निगडित आहे. पाते पूर्ण बुडाले असता वरचा हात साधारण चेहऱ्याच्या उंचीवर असावा. वल्हे फार लांब असेल तर हात प्रत्येक ओढीत डोक्याच्या वर जातो आणि खांद्याच्या सांध्यावर ताण येतो. फार आखूड असेल तर कंबरेतून वाकावे लागते आणि पाठ दुखते. तासाभराच्या सफरीत अशा ओढी हजाराहून अधिक होऊ शकतात. त्यामुळे काही सेंटीमीटरची चूकही शरीराला जाणवते.

## लांबीची निवड

वल्ह्याची लांबी पात्याच्या टोकापासून मुठीच्या माथ्यापर्यंत मोजतात. सर्फिंगसाठी ती वापरणाऱ्याच्या उंचीपेक्षा ५ ते १५ सेंटीमीटर आणि क्रूझिंगसाठी १५ ते २५ सेंटीमीटर अधिक ठेवण्याचा प्रघात आहे. १७० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीला या हिशेबाने सर्फिंगसाठी १७५ ते १८५ आणि क्रूझिंगसाठी १८५ ते १९५ सेंटीमीटर लांबीचे वल्हे लागेल.

या फरकाचे कारण शरीराच्या स्थितीत आहे. लाटेवर स्वार झालेला सर्फर गुडघे वाकवून खाली बसल्यासारखा उभा असतो, म्हणजे त्याची प्रत्यक्ष उंची कमी होते. त्याला वल्हे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चटकन न्यावे लागते आणि लाटेच्या भिंतीवर टेकवून तोल सावरावा लागतो. लांब वल्हे या वेळी अडखळते. क्रूझिंगमध्ये वल्हेकरी जवळजवळ ताठ उभा असतो आणि दूरवर पुढे पोहोचणारी लांब, संथ ओढ त्याला उपयोगी पडते.

फळीची जाडीही विचारात घ्यावी लागते. हवा भरून वापरण्याच्या फळ्या बहुधा १५ सेंटीमीटरच्या आसपास जाड असतात आणि त्यांवर उभे राहिल्यास पाण्याची पातळी पायांपासून अधिक खाली राहते. लहान सर्फिंग फळी मात्र वजनाने बरीचशी बुडते. त्यामुळे एकाच व्यक्तीला जाड फळीवर थोडे लांब वल्हे लागते.

एकूण लांबी सारखी असूनही दोन वल्ही हाताला वेगळी वाटू शकतात. पाते मानेपर्यंत बुडत असल्याने खरे महत्त्व मानेपासून मुठीपर्यंतच्या अंतराला असते. लांब पात्याच्या वल्ह्यात हे अंतर कमी आणि आखूड पात्याच्या वल्ह्यात अधिक भरते.

## पात्याची निवड

पात्याचे क्षेत्रफळ वापरणाऱ्याच्या वजन व ताकदीनुसार ठरवतात. प्रौढांसाठी ते बहुधा ५०० ते ७०० चौरस सेंटीमीटर असते. बाजारात ही मापे चौरस इंचात दिलेली असतात. ८० चौरस इंच म्हणजे सुमारे ५१६ आणि १०० चौरस इंच म्हणजे सुमारे ६४५ चौरस सेंटीमीटर.

मोठे पाते पाण्यात कमी घसरते आणि एका ओढीत फळीला जोराचा धक्का देते, परंतु तो भार प्रत्येक वेळी स्नायू व सांध्यांना सोसावा लागतो. लहान पात्याने ओढींची संख्या वाढते, पण प्रत्येक ओढ हलकी होते. सायकलच्या गियरशी याची तुलना करता येते. लाट पकडताना फळीला काही क्षणांतच लाटेचा वेग गाठून द्यावा लागतो. हे काम काही सर्फर मोठ्या पात्याच्या मोजक्या जोरदार ओढींनी, तर काही लहान पात्याच्या जलद ओढींनी करतात. दूरच्या सफरीसाठी मात्र मध्यम किंवा लहान पातेच सोयीचे मानले जाते.

आकाराने पाती मुख्यत्वे दोन प्रकारची असतात. थेंबाच्या आकाराचे पाते टोकाकडे रुंद असते आणि बुडताच पाणी पकडते. आयताकडे झुकणारे अरुंद पाते फळीच्या कडेलगत उभे चालते. त्यामुळे फळी कमी वळते आणि बाजू वारंवार बदलावी लागत नाही.

## दांडा व साहित्य

वल्ह्याचे वजन, लवचीकपणा व किंमत ही साहित्यावर अवलंबून असतात. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लास्टिकचे पाते असलेले वल्हे स्वस्त व दणकट असते, पण त्याचे वजन बहुधा एक किलोग्रॅमच्या आसपास जाते. काचतंतूचे वल्हे मध्यम वजनाचे आणि किंचित लवणारे असते. कार्बनतंतूचे वल्हे सर्वांत हलके असून त्याचे वजन अर्ध्या किलोग्रॅमच्या जवळपास असू शकते. लाकडी वल्ही हाताला उबदार व लवचीक वाटतात. मात्र त्यांचा लेप जपावा लागतो.

ताठ दांडा हाताची शक्ती लगेच पात्याकडे पोहोचवतो, पण पाण्याचा हादराही तितक्याच थेटपणे सांध्यांकडे परत पाठवतो. किंचित लवणारा दांडा हा हादरा शोषून घेतो. त्यामुळे लांब सफरीसाठी व खांद्याची तक्रार असलेल्यांसाठी सर्वांत ताठ वल्हे हेच सर्वांत चांगले वल्हे ठरत नाही.

| बाब | सर्फिंग | क्रूझिंग |
|---|---|---|
| लांबी | उंची + ५ ते १५ सेंमी | उंची + १५ ते २५ सेंमी |
| पात्याचा कोन | साधारण ७ ते १० अंश | साधारण १० ते १२ अंश |
| ओढ | आखूड व जलद | लांब व संथ |
| दांडा | मजबूत, आघात सोसणारा | हलका, मध्यम लवचीक |
| रचना | बहुधा अखंड | अखंड किंवा जोडाची |

## अखंड व जोडाची वल्ही

अखंड वल्हे हलके असते आणि त्यात सैल होणारा सांधा नसतो. दोन भागांच्या वल्ह्याची लांबी खटक्याने कमी-जास्त करता येते. तीन भागांचे वल्हे सुटे करून हवा भरण्याच्या फळीसोबत पिशवीत नेता येते. एकाच कुटुंबातील अनेकांनी वल्हे वापरायचे असल्यास, किंवा एकच व्यक्ती सर्फिंग आणि क्रूझिंग दोन्ही करीत असल्यास, लांबी बदलणारे वल्हे व्यवहार्य ठरते.

अखंड वल्ही पुष्कळदा मूठ न चिकटवता विकली जातात आणि दांडा मापानुसार कापून घेतला जातो. कापलेला दांडा पुन्हा लांब होत नाही. म्हणून आधी लांबी बदलणारे वल्हे काही दिवस वापरून आपले माप निश्चित करणे आणि मगच कापणे श्रेयस्कर असते. कापताना मुठीमुळे वाढणारी उंची वजा करावी लागते. कार्बन किंवा काचतंतूचा भुगा श्वासावाटे जाऊ नये यासाठी मुखपट्टी आवश्यक असते. मूठ उष्णतेने वितळणाऱ्या सरसाने बसवल्यास ती पुढे गरम करून काढता येते.

## सुरक्षितता

२००८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने पोहणे व सर्फिंग यांच्या मर्यादित पट्ट्याबाहेर वापरल्या जाणाऱ्या पॅडलबोर्डला जलवाहन ठरवले. त्यामुळे तेथे क्रूझिंग करणाऱ्याला जीवरक्षक जॅकेट बाळगणे आवश्यक झाले.

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर वल्हे हेच परतण्याचे प्रमुख साधन असते. पाण्यात पडल्यास आधी फळी आणि नंतर वल्हे गाठावे, असा सर्वमान्य सल्ला आहे, कारण फळी माणसाला तरंगत ठेवते. फळी पायाला दोरीने बांधलेली असते, वल्हे मात्र बहुधा मोकळे असते. म्हणून ते तरंगणारे असणे इष्ट असते. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असताना उभ्या माणसाचे शरीर शिडासारखे काम करते. अशा वेळी गुडघ्यांवर बसून वल्हे दांड्यावर खाली धरून वल्हवतात; वल्हे हरवल्यास फळीवर पालथे झोपून हातांनी पाणी मारतात. कार्बनतंतू विद्युतवाहक असल्याने विजांच्या कडकडाटात किंवा विजेच्या तारांखाली असे वल्हे उभे धरणे धोक्याचे असते.

## देखभाल

खाऱ्या पाण्यात वापरलेले वल्हे गोड्या पाण्याने धुतले जाते. जोडाच्या वल्ह्याचे भाग सुटे करून वाळवले नाहीत तर वाळू व क्षारांमुळे सांधा अडकतो. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आलेल्या सांध्यात खाऱ्या पाण्यामुळे अ‍ॅल्युमिनियम लवकर गंजते. कार्बनच्या दांड्यावरील खोल ओरखडा किंवा चीर दुर्लक्षित राहिल्यास जोराच्या ओढीत दांडा त्याच ठिकाणी तुटू शकतो. म्हणून दूरच्या सफरीपूर्वी मान, सांधा व मूठ तपासली जाते.