जर्मन सुरांची पेटी

उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपतो, मराठवाडा लागतो. उत्तरेला मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव पसरलेली तुकडोजी महाराजांची भजनं, दक्षिणेला नांदेडच्या सचखंड गुरुद्वारातलं रागी जथ्यांचं कीर्तन. खंजिरी आणि तबला यांचा बाज दोन्हीकडे वेगळा, पण गाणाऱ्याच्या पुढ्यात पेटी असतेच. आणि जुन्या पेटीचा विषय निघाला की जाणकार पहिल्यांदा विचारतो, "सूर कुठले आहेत? जर्मन, पॅरिस, की पालिताणा?" लाकूड कुठलं, बांधणी कुणाची, हे सगळं नंतर.

सूर म्हणजे पितळेची एक चपटी पट्टी. तिच्यात लांबट खाच कापलेली असते आणि खाचेवर पितळेचीच पातळ जीभ एका टोकाला रिवेट मारून बसवलेली. भात्यातली हवा खाचेतून निघते तेव्हा ही जीभ आत-बाहेर थरथरते. खाचेच्या कडांना ती टेकत नाही, तरी दोघींमधली फट इतकी बारीक की कागदही धड जाणार नाही. सगळा जीव त्या फटीत आहे. फट मोठी राहिली तर हवा वाया जाते, बोटाखालची पट्टी दाबल्यावर सूर उशिरा बोलतो, भाता सारखा हलवावा लागतो. फट फार घट्ट झाली तर जीभ कडेला अडकते आणि सूर खरखरतो. जुन्या जर्मन सुरांची पेटी भात्याच्या एका हलक्या दाबावर बोलते आणि बारीक दमातही आवाज मोडत नाही. गवयाने आवाज लहान केला की साथीदाराला तसंच लहान होता येतं. जुन्या पेटीसाठी लोक नव्या पेटीच्या कितीतरी पट पैसे मोजतात ते यासाठी.

मुक्त जिभेची ही युक्ती मूळची पूर्वेकडची. चीनमधल्या शंग या तोंडाने वाजवायच्या वाद्यात ती फार जुन्या काळापासून आहे. युरोपात तिच्यावर अनेकांनी प्रयोग केले आणि १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ याने 'हार्मोनियम' या नावाने आपल्या वाद्याचं पेटंट घेतलं. ते खुर्चीवर बसून, पायाने हवा भरत वाजवायचं वाद्य होतं. मिशनऱ्यांच्या आणि गोऱ्या साहेबांच्या सामानातून ते हिंदुस्थानात आलं. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली द्वारकिन ही पेढी काढली आणि या वाद्याला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या उंचीवर आणलं. पाय गेले, भाता मागच्या बाजूला आला, डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. आज आपण जिला पेटी म्हणतो ती ही. खोकं इथे बनू लागलं, पोटातले सूर मात्र बोटीने येत राहिले, पॅरिसहून आणि जर्मनीहून. पॅरिसच्या कासरियल आणि जर्मनीच्या ज्युबिलेट या नावांचा उच्चार पेटीवाले आजही आदराने करतात.

महाराष्ट्रात तिला घराघरांत नेलं ते नाटकाने. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. संगीत नाटक बहरलं, तशी पेटी सारंगीच्या शेजारी बसली आणि हळूहळू सारंगीच्या जागेवर सरकली. सारंगिया मिळवणं अवघड, सांभाळणं त्याहून अवघड. पेटी मुक्कामागून मुक्काम बैलगाडीत पडून राहिली तरी दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी सुरात असे. गंधर्व नाटक मंडळीत तर पायाचा ऑर्गनही होता. पण पेटीला साथीच्या वाद्यापलीकडे नेलं गोविंदराव टेंबे यांनी. 'मानापमान'च्या चाली देणारे हेच टेंबे एकट्या पेटीची मैफल करत. त्यांच्या पुढच्या पिढीत पी. मधुकर आले आणि मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर. मींड नसलेल्या वाद्यावर गळ्याचा भास निर्माण करायचा तर सूर क्षणात बोलला पाहिजे आणि क्षणात गप्प झाला पाहिजे. चांगल्या सुरांची मागणी अशा हातांनी वाढवली.

मग पुरवठा तुटला. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश हिंदुस्थानात जर्मन माल येणं बंद पडलं. मध्ये काही वर्षं तो पुन्हा आला, तोवर दुसरं युद्ध. स्वातंत्र्यानंतर आयातीवर परवान्यांची बंधनं आली, आणि तिकडे युरोपात घरोघरच्या रीड-ऑर्गनचे दिवसच संपत आले होते. सौराष्ट्रातल्या पालिताण्याच्या कारागिरांनी देशी सूर घडवले, त्यांच्यावर देशातल्या उत्तम पेट्या उभ्या आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचं काही कारण नाही. पण जर्मन सुरांचा साठा आहे तेवढाच राहिला.

अमेरिकेत विजेच्या गिटारीचं असंच झालं. लिओ फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आणली आणि १९६५च्या जानेवारीत कंपनी सीबीएसला विकली. त्या विक्रीआधीच्या गिटारींना आज 'प्री-सीबीएस' म्हणून वेगळा भाव आहे. गिब्सनची १९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट लेस पॉल तर तेव्हा खपत नव्हती, म्हणून कंपनीने तिचा आकारच बदलला. पुढे ब्लूज-रॉक वाजवणाऱ्यांनी तिचा आवाज उचलला आणि ती दुर्मीळ ठरली. नुसत्या वयाने वस्तूला मोल येत नाही. ती घडवणारी साखळी तुटावी लागते, आणि ती साखळी काय करत होती हे ओळखणारा कान शिल्लक असावा लागतो. त्यात गाळणीचाही भाग आहे: त्या काळातल्या वाईट पेट्या केव्हाच चुलीत गेल्या, राहिल्या त्या चांगल्याच.

फरक एवढाच की गिटारीचा संग्राहक रंगाचा मूळ थर आणि मूळ स्क्रूसुद्धा जपतो. पेटीवाला खोक्याची पर्वा करत नाही. लाकूड किडलं, भाता फाटला, की सूर उपसून नव्या सागवानी पेटीत बसवतो आणि वाजवायला लागतो. मला ही रीत अधिक पटते. २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेलेल्या, गिटारवादक डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरचंही तसंच आहे. तिची मान, पिकअप, कितीतरी भाग त्याने वाजवता वाजवता बदलले होते.

पेटीला शत्रूही होते. सरकलेल्या श्रुती आणि मींड नाही, या आक्षेपावरून १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता. सप्तकाचे बारा समान भाग केले की गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा लागतो, आणि तानपुऱ्याशेजारी तो कानाला टोचतो. पण रेडिओच्या बंदीने भजनी मंडळातली पेटी थांबली नाही.

जर्मन सुरांना खरा धोका वेगळाच आहे: कानस. सूर चढवायचा तर जिभेचं टोक घासतात, उतरवायचा तर बुडाशी. प्रत्येक वेळी पितळ थोडं जातं आणि गेलेलं परत येत नाही. फ्रान्सने १८५९ साली 'ला' स्वर सेकंदाला ४३५ कंपनांवर कायद्याने बांधला. आजचा कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा ४४० वर असतो. जुनी पेटी त्यांच्याशी जुळवायला दिली की कारागीर एकूण एक जिभेचं टोक घासतो. मैफलीतल्या साथीदाराला ते करावंच लागेल. भजनी मंडळाला गरज नाही. तिथे सगळे पेटीलाच धरून गातात, पेटी पाच कंपनं खाली असली तर गळेही तेवढे खाली येतात. तुमच्या मंडळाच्या माळ्यावर जुनी पेटी असेल तर दुरुस्तीला देताना भात्याचं कातडं बदलून घ्या, गळती काढून घ्या, पट्ट्यांखालची फेल्ट नवी घाला, आणि एखादा सूर फारच सरकला असेल तर तेवढाच लावून घ्या. बाकीच्यांना कानस लावू नका असं कारागिराला स्पष्ट सांगा. पेटी परत घेताना आतली फळी उघडून सूर आपलेच आहेत ना, हेही बघा.