भिंतीवरच्या तसबिरीचे मोल

छापील चित्राचे मोल कोण ठरवतो आणि कशावरून ठरवतो, हा प्रश्न वरवर कलेचा दिसला तरी मुळात इतिहासाचा आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, छापावर छाप, वर व्हार्निशची चकाकी. अशा रीतीने लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. ज्यांना देवळाची पायरी वर्ज्य होती त्यांनाही या छापाने देवदर्शन घडवले, असे कौतुकाने लिहिले जाते. पण कागदावरचा देव घरी आला म्हणून देवळाचे दार उघडले काय? कारखाना निघून छत्तीस वर्षे झाल्यावरही, १९३० साली, काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह करावाच लागला.

आज त्या चित्रांना लिलावात भाव आहे. जाणकार भिंग लावतो. शिळाछापात ठिपके ओबडधोबड, हाताने दिलेले. ऑफसेटमध्ये एकसारख्या जाळीतले. मग तो खालची छापखान्याची ओळ वाचतो, समास कापला आहे का ते बघतो. या कसोटीवर आमच्या घरची तसबीर कवडीमोल ठरते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर माझ्या आज्याने भिंतीवरचे देव उतरवले आणि बुद्ध व बाबासाहेब लावले. स्वस्त कागद, सरकलेले रंग, हजारो प्रती. परंतु आमच्या घरात पुस्तकाच्या आधी आलेला छापील कागद तोच. एका माणसाने स्वतःच्या हाताने घेतलेल्या निर्णयाचा तो पुरावा आहे. ज्यांच्या नावावर ना सातबारा, ना बखर, त्यांचे दप्तर भिंतीवरच असते.

हे दप्तर आपणच हरवतो आहोत. नवी चकचकीत तसबीर आली की जुनी माळ्यावर जाते. तिथे कसर आणि ओल तिचा निकाल लावतात. म्हणून काही गोष्टी सांगणे अवश्य आहे. चित्र उन्हात, ओलीच्या भिंतीवर किंवा मेणबत्ती-अगरबत्तीच्या धुरात ठेवू नये. पाठीमागच्या लाकडी फळीने कागद तपकिरी पडतो. तिथे आम्लविरहित पुठ्ठा घालावा. काच कागदाला टेकू देऊ नये. चिकटलीच असेल तर ओढू नये. ओले फडके, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन टाळावे. समास कापू नये, कारण छापखान्याचे नाव तिथेच असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे: ही कुठून आणली, कोणत्या साली, त्याआधी तिथे काय होते? उत्तर वेगळ्या कागदावर लिहून तसबिरीसोबत जपावे. लिलावातला भाव त्यांना ठरवू द्या. हे उत्तर मात्र त्यांच्या भिंगाला दिसणार नाही. ते सांगणारी माणसे आहेत तोवर आपणच लिहून घेतले पाहिजे.