मूळ की विस्तारित? एका सुधारणेची कागदोपत्री साक्ष

नवी मुंबईतल्या एखाद्या कार्यालयात नवा डेटाबेस घ्यायचा ठरला की एक प्रश्न पुढे येतो. मोफत मिळणारे मूळ पोस्टग्रेस घ्यायचे, की त्यावर जादा सोयी चढवून विकली जाणारी विस्तारित आवृत्ती? विक्रेत्याचा तुलनातक्ता उत्तर देतो, पण त्याहून भरवशाची साक्ष सॉफ्टवेअरच्या बदलनोंदींत असते. अशाच एका सुधारणेच्या नोंदी इथे क्रमाने लावून पाहू.

पहिला कागद नोव्हेंबर २००६चा आहे. सायमन रिग्स यांनी मांडलेल्या या आराखड्यात वारंवार बदलणाऱ्या ओळींचे दुखणे आहे. पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी बदलत नाही, तिची नवी प्रत लिहिते. त्या काळी अशा प्रत्येक प्रतीसाठी टेबलाच्या सगळ्या इंडेक्सांत नवी नोंद करावी लागे. वाशीतल्या पाणीपट्टीच्या टेबलात ग्राहक क्रमांकावर इंडेक्स आहे आणि थकबाकीचा आकडा तेवढा बदलला, असे समजा. क्रमांक तोच राहूनही इंडेक्स फुगत जाई. रिग्स यांनी सुचवलेला उपाय असा होता, की जादा प्रती वेगळ्या जागी ठेवाव्यात.

दुसरा कागद २० सप्टेंबर २००७चा, टॉम लेन यांनी मूळ संहितेत केलेल्या बदलाची नोंद. एव्हाना वेगळ्या जागेची कल्पना मागे पडली होती. इंडेक्स असलेला रकाना बदलला नसेल आणि नवी प्रत साठवणुकीच्या त्याच पानात मावत असेल, तर इंडेक्सात नवी नोंद होत नाही. जुन्या प्रतीपासून दुव्याने नवीपर्यंत पोहोचता येते. मेलेल्या प्रतींची साफसफाई पानापुरती, चालता चालता होते. या कामाचे श्रेय नोंदीत पवन देवलसी यांना, इतर अनेकांच्या मदतीसह, दिले आहे.

तिसरा कागद ४ फेब्रुवारी २००८ला आलेल्या ८.३ आवृत्तीच्या प्रकाशन टिपांचा. तिथे या सुधारणेला ‘हॉट’ म्हटले आहे आणि त्या नावापुढेही देवलसींचेच नाव आहे.

आता या नोंदी एकत्र वाचू. त्या काळच्या विकासकांच्या पत्रव्यवहारात देवलसींच्या सहीखाली एंटरप्राइझडीबीचे नाव येते. पुण्यात कार्यालय असलेली ही कंपनी पोस्टग्रेसची विस्तारित आवृत्ती विकते. म्हणजे विस्तारित आवृत्ती विकणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याचे हे मोलाचे काम मूळ आवृत्तीत गेले आणि सर्वांना फुकट मिळाले. असे का झाले असावे? माझा तर्क असा: साठवणुकीच्या गाभ्यातला बदल स्वतःपुरता ठेवला, तर मूळ आवृत्तीच्या प्रत्येक नव्या प्रकाशनागणिक तो पुन्हा जुळवत बसावे लागते.

मग विस्तारित आवृत्तीत वेगळे काय राहिले? मुख्यतः ओरॅकलशी सुसंगती, म्हणजे पीएल-एसक्यूएलच्या धर्तीची भाषा, पॅकेजे आणि ओरॅकलमधल्यासारख्याच नावांचे कॅटलॉग व्ह्यू. ज्या संस्थेकडे ओरॅकलवर लिहिलेल्या हजारो ओळी आहेत, तिचे पुनर्लेखनाचे कष्ट यामुळे खरोखर वाचतात. तिने त्यासाठी पैसे मोजणे रास्त आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याची गोष्ट वेगळी. मूळ आवृत्तीवरून विस्तारितवर पुढे कधीही जाता येते. उलट, एकदा जादा सोयी वापरून काम उभे केले की परतीसाठी ते काम पुन्हा लिहावे लागते. म्हणून कागदपत्रांवरून माझा निष्कर्ष स्पष्ट आहे: आधी मूळ आवृत्ती घ्या आणि विस्तारितमधल्या नेमक्या कोणत्या सोयीवाचून आज अडले आहे, तिचे नाव लिहिता आले तरच पुढे जा. ते नाव लिहिण्याआधी मूळ आवृत्तीच्या ताज्या प्रकाशन टिपा शेवटपर्यंत वाचा. हवी असलेली सोय कदाचित त्यांतच असेल.