देवगिरीच्या मिठाच्या गोण्या

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवर, सपाटीतून एकदम सुमारे ६०० फूट वर उठलेल्या टेकडीच्या आश्रयाने यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी वसविली, आणि पुढील शतकभर देवगिरीच्या वैभवाची ख्याती उत्तरेपर्यंत पोहोचली. या नगराच्या पाडावाविषयी सर्वांत चिवटपणे टिकलेली कथा मात्र मिठाची आहे.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर होते, त्यामुळे यादव राजा रामचंद्रदेवाला मोजक्या लोकांनिशी बालेकिल्ल्यात, म्हणजे डोंगरावरील सर्वांत आतल्या किल्ल्यात, आश्रय घ्यावा लागला. घाईघाईत कोकणच्या व्यापाऱ्यांनी टाकून दिलेल्या गोण्या धान्याच्या समजून वर चढविल्या गेल्या आणि मदतीला परतलेल्या शंकरदेवाचा पराभव झाल्यावर त्या उघडल्या तर आत मीठ निघाले, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. तो घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, हे ध्यानात ठेवूनच या हकीकतीचे मोल ठरवावे लागते. पराभवाचे खरे मूळ गाफीलपणात आणि दूर गेलेल्या फौजेत आहे.

तरीही ही कथा निव्वळ कल्पित म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे, कारण या किल्ल्याचे मर्म तिने अचूक हेरले आहे. कडा सर्व बाजूंनी उभा तासलेला, त्याभोवती खडकातच कोरलेला खंदक, आणि पुढे ‘अंधारी’, म्हणजे कातळातून वळणे घेत वर जाणारा काळोखा जिना, ज्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण ओढून विस्तव पेटविला की वाट बंद होई. अशा डोंगरावर शत्रू चढणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून वर राहणाऱ्यांची सारी भिस्त अंबारखान्यावर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, असे.

१६३३ मध्ये, दौलताबाद नावाने ओळखला जाणारा हा किल्ला निजामशाहीकडे असताना, याचा पुन्हा प्रत्यय आला. मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावाने ओळखला जाणारा बाहेरचा अंबरकोट फोडला, पण आतली शिबंदी कित्येक आठवडे झुंजत राहिली. अखेर दाणागोटा संपून रोगराई पसरली, तेव्हा अंबरचाच मुलगा फतेहखान याने किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला.