उदरावरणाचा क्षयरोग

पोटाच्या पोकळीला आतून अस्तरासारखा लागलेला आणि आतड्यांना वेढणारा पातळ पडदा म्हणजे उदरावरण. क्षयजंतूंमुळे त्याला सूज येते तो हा रोग. बोलीत हा ‘पोटाचा टीबी’. स्त्रियांमध्ये तो अंडाशयाच्या पसरलेल्या कर्करोगासारखा इतका हुबेहूब दिसतो, की अनुभवी डॉक्टरांचीही फसगत होते.

ही फसगत जुनी आहे. १८६२ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्पेन्सर वेल्स यांनी अंडाशयाची गाठ समजून एका तरुणीचे पोट उघडले, तर आत क्षयाची सूज निघाली. ती तरुणी बरी झाली आणि पुढे कित्येक वर्षे पोट उघडून पाणी काढणे हाच या रोगावरचा उपाय मानला गेला. रोगामागचा जंतू तेव्हा माहीतही नव्हता; रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतू दाखवला तो १८८२ मध्ये.

पोटात पाणी होते, भूक मरते, वजन उतरते. सीटी स्कॅनमध्ये आतड्यांवरचा चरबीचा पदर जाड दिसतो, अंडाशयाजवळ गोळा दिसतो. त्यात रक्तातले सीए-१२५ हे प्रथिन वाढलेले असले की कर्करोगच, असा समज पक्का होतो. त्याची नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ३५ युनिट. क्षयात ते शेकड्यांत जाऊ शकते. कारण हे प्रथिन एकट्या कर्करोगाचे नाही. सुजलेल्या उदरावरणाच्या पेशीही ते स्रवतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये, गरोदरपणात, अगदी पाळीच्या दिवसांतही ते वाढते.

संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घरात कुणाला झालेला टीबी या खुणा क्षयाकडे बोट दाखवतात. पण त्या नसल्या म्हणून क्षय नाही असे होत नाही. छातीचा एक्स-रेही अनेकदा स्वच्छ असतो. पोटातल्या पाण्यात लिम्फोसाइट पेशी आणि एडीए हे विकर वाढलेले सापडते, जंतू मात्र सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच दिसतात आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, आठवडे लागतात. निकाल लागतो तो दुर्बिणीतून घेतलेल्या उदरावरणाच्या तुकड्याच्या तपासणीत. तरुण स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकल्यावर अहवालात ‘क्षय’ यावा, हे नुकसान भरून येणारे नाही. म्हणून तुकडा तपासण्याआधी मोठी शस्त्रक्रिया नको. तसेच, तुकडा घेणे शक्य असताना नुसत्या अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, तर खरा कर्करोग वाढत राहतो.

उपचार साधारण सहा महिन्यांचा : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, पहिल्या दोन महिन्यांनंतर पायराझिनामाइड थांबवतात. भारतात ही औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. पाणी ओसरते, सीए-१२५ खाली येते. गर्भनलिकांना क्षयाने व्रण पडले असतील, तर गर्भ राहण्याची अडचण मात्र औषधांनंतरही उरू शकते.