कोनाड्यातला व्यापार

आपल्याकडील कोणत्याही पेठेत आज दोन प्रकारचे बोलणे कानी पडते. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवू लागले आणि आमच्या गल्ल्याला उतरती कळा लागली. त्याच दुकानदाराचा पदवीधर मुलगा म्हणतो, मलाही इंटरनेटवर दुकान थाटायचे आहे, परंतु त्यात विकू काय? बापाला जेथे संकट दिसते तेथेच मुलाला संधी दिसते. या दोघांपैकी खरा कोण, असा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे, म्हणून आजचा हा विषय निवडला आहे.

इंग्रजीमध्ये व्यापारातील अशा मोक्याच्या जागेस जो शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ कोनाडा असा आहे. हा शब्द आपल्या घरांतील सर्वांच्या परिचयाचा आहे. कोनाडा म्हणजे भिंतीतील छोटीशी जागा; तीत पेटारा मावत नाही, पण पणती मात्र तेथेच ठेवावी लागते. व्यापाराचा कोनाडाही तसाच असतो. तो सर्वांना पुरत नाही. मात्र ज्याची वस्तू तेथे नेमकी बसते त्याला तो सोडून अन्य जागा लागत नाही. असे कोनाडे लोकांनी कसे शोधले, हे पाहण्यासाठी आपल्याला प्रथम दीडशे वर्षे मागे, अमेरिकेतील शिकागो शहरी जावे लागेल. कारण न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला माल विकण्याची कला इंटरनेटने निर्माण केलेली नाही. ती टपालाने आणि आगगाडीने निर्माण केली.

आरन माँटगोमेरी वॉर्ड हा एक फिरता विक्रेता होता. खेडोपाडी हिंडताना त्याला एकच गाऱ्हाणे ऐकू येई. गावात दुकान एक. त्यामुळे दुकानदार सांगेल तो भाव आणि देईल तो माल. कारखान्यातून निघालेली वस्तू चार हातांतून फिरून खेड्यात पोचेपर्यंत तिची किंमत फुगलेली असे. शेतकरी या जाचाला इतके विटले होते की त्यांनी १८६७ साली ‘ग्रेंज’ नावाची आपली संघटनाच उभारली होती. वॉर्डने ठरविले की, कारखानदाराकडून रोखीने माल घ्यावा आणि शेतकऱ्याला रोखीनेच आगगाडीने धाडावा. मधले हात वगळावेत. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोला जी प्रचंड आग लागली तीत त्याचा जमविलेला माल भस्मसात झाला. तथापि त्याने धीर सोडला नाही. १८७२ साली त्याने ग्रेंजच्या सभासदांकडे एक यादी धाडली. ती यादी एका कागदाची होती आणि तीत वस्तू होत्या १६३.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वांत अधिक खपणारी वस्तू कोणती, हा प्रश्न वॉर्डने प्रथम विचारला नाही. सर्वांत अधिक नाडले जाणारे गिऱ्हाईक कोणते, हा प्रश्न त्याने प्रथम विचारला. वस्तू त्यामागून आल्या. आणि माल न पाहता पैसे धाडणाऱ्या माणसाची भीती त्याने ओळखली असल्यामुळे, १८७५ पासून माल पसंत न पडल्यास पैसे परत करण्याची हमी त्याने दिली. आज इंटरनेटवरील प्रत्येक दुकान माल परत घेण्याची जी सोय देते, तिचा उगम येथवर मागे नेता येतो.

दुसरा माणूस रिचर्ड सीअर्स. हा मिनेसोटा संस्थानातील नॉर्थ रेडवुड नावाच्या लहानशा स्टेशनावर रेल्वेचा एजंट होता. १८८६ साली घड्याळांची एक पेटी त्याच्या स्टेशनावर आली आणि ती ज्याच्या नावे आली होती त्या जवाहिऱ्याने घेण्याचे नाकारले. सीअर्सने ती घड्याळे आपल्याकडे घेतली आणि मार्गावरील इतर स्टेशनांच्या एजंटांना विकली. त्या एजंटांनी ती पुढे गावोगावच्या लोकांना विकली. या व्यवहारात त्याला इतका फायदा झाला की त्याने नोकरी सोडून घड्याळांचाच धंदा सुरू केला. पुढच्याच वर्षी शिकागोला बिऱ्हाड हलवून त्याने ॲल्व्हा रोबक या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हाताशी घेतले. १८९३ साली ‘सीअर्स, रोबक’ हे नाव व्यापारी जगात रुजू झाले.

हा नुसता दैवयोग नव्हे. तीनच वर्षांपूर्वी, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी गावोगावचे वेगवेगळे स्थानिक वेळ मोडून प्रमाणवेळ लागू केली होती. जो शेतकरी आजवर सूर्याकडे पाहून चालत होता, त्याला आता गाडी गाठण्यासाठी घड्याळ हवे होते. शिवाय घड्याळ ही वस्तू लहान, हलकी आणि मोलाची. तिच्या किमतीच्या मानाने वाहतुकीचा खर्च नगण्य. आणि विकणारा कोण, तर स्टेशनावरचा ओळखीचा माणूस. नवी गरज, वाहतुकीला सोयीची वस्तू आणि विश्वासाचा मध्यस्थ, या तिन्हींचा जेथे संगम झाला तोच सीअर्सचा कोनाडा होय.

या व्यापाराची आणखी एक बाजू आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कुळांना गोऱ्या दुकानदारासमोर ताटकळावे लागे. आधी गोऱ्यांचा सौदा, मग यांचा. उधारीची वही दुकानदाराच्या हाती आणि पिकावर नजरही त्याचीच. आपल्याकडील सावकारी ज्यांनी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. छापील यादीला मात्र गिऱ्हाइकाचा वर्ण दिसत नसे. छापलेला भाव सर्वांना सारखाच. तेव्हा नवा व्यापार आला की जुना दुकानदार बुडतो, एवढे म्हणून थांबणे अर्धसत्य होय. जुन्या दुकानात कोण अपमानित होत होते, हेही विचारले पाहिजे.

आपल्या देशातही टपालाने माल मागविण्याची रीत जुनी आहे. १८७७ साली सरकारी टपालखात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. पोस्टमनने पार्सल आणावे, गिऱ्हाइकाने त्याच्या हाती पैसे मोजावेत आणि मग पार्सल ताब्यात घ्यावे. मराठी मासिकांच्या जाहिरातींतून ‘व्ही. पी. ने मागवा’ हे शब्द वाचत कित्येक पिढ्या वाढल्या. पुस्तके, औषधे, अशा वस्तू त्या मार्गाने तालुक्याच्या गावी पोचल्या. ‘आधी माल, मग दाम’ हा आपल्या गिऱ्हाइकाचा बाणा आहे, आणि पुढे तो एका नव्या व्यापाऱ्याला उपयोगी पडणार होता.

आता १९९३ सालाकडे येऊ. त्या वर्षी सीअर्स कंपनीने आपली सुप्रसिद्ध मोठी सूची छापणे बंद केले. घरबसल्या माल मागविण्याचा जमाना सरला, असे कंपनीच्या चालकांना वाटले असावे. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, न्यूयॉर्कमधील एका वित्तसंस्थेतील तिशीतला अधिकारी जेफ बेझोस याच्या वाचनात आले की इंटरनेटचा वापर वर्षाला २३०० टक्क्यांनी वाढत आहे. जो मार्ग एकाला बंद झालेला दिसला, तोच दुसऱ्याला उघडताना दिसला.

बेझोसने टपालाने विकता येतील अशा वीस प्रकारच्या वस्तूंची यादी केली आणि तीतून पुस्तके निवडली. त्याला पुस्तकांचे वेड होते म्हणून नव्हे. त्याने पाहिले की जगात तीस लाखांहून अधिक पुस्तके छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. मात्र मोठ्यात मोठ्या दुकानात दीड-पावणेदोन लाखांच्या वर ती मावत नाहीत. म्हणजे विटा-चुन्याच्या दुकानाला जे कधीच शक्य नाही, ते या नव्या दुकानाला सहज शक्य होते. शिवाय एका पुस्तकाची प्रत दुसऱ्या प्रतीसारखीच. ती हाताळून, हुंगून घेण्याचे कारण नाही. प्रत्येक पुस्तकास ठरलेला क्रमांक असतो. ते फुटत नाही, नासत नाही. आणि अमेरिकेतील बहुतेक पुस्तके दोन मोठ्या घाऊक व्यापाऱ्यांकडे मिळत असल्याने स्वतःची वखार भरून ठेवण्याची गरज नव्हती.

जागाही त्याने हिशेबानेच निवडली. ज्या संस्थानात व्यापाऱ्याची प्रत्यक्ष जागा नाही तेथील गिऱ्हाइकाकडून विक्रीकर वसूल करण्याची सक्ती त्याच्यावर नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला होता. (तो निकाल २०१८ साली फिरविण्यात आला.) म्हणून दाट वस्तीचे कॅलिफोर्निया टाळून त्याने सिएटलची बाजू धरली; तेथून एका घाऊक पुस्तकविक्रेत्याची वखारही जवळ होती. १९९५ च्या जुलैत ॲमेझॉनचे दुकान सर्वांना खुले झाले आणि पहिल्या महिन्यातच अमेरिकेच्या पन्नासही संस्थानांतून आणि ४५ देशांतून मागण्या आल्या.

त्या दिवसांतील एक गोष्ट बेझोस स्वतः सांगत असे. घाऊक व्यापाऱ्यांचा नियम होता की एका वेळी किमान दहा पुस्तके मागविली पाहिजेत. यांना तर हवे असे एकच. तेव्हा यांनी युक्ती काढली. दगडफुलावरचे एक पुस्तक व्यापाऱ्याच्या यादीत होते, परंतु साठ्यात नव्हते. हे लोक एक हवे असलेले पुस्तक आणि नऊ प्रती दगडफुलाच्या अशी मागणी नोंदवीत. हवे ते पुस्तक येई आणि उरलेल्या नवांबद्दल दिलगिरीची चिठ्ठी येई! भांडवल तोकडे असताना धंदा कसा निभावतात, याचा हा मासला आहे.

त्याच १९९५ सालच्या सप्टेंबरात पिअर ओमिद्यार याने लिलावाचे एक ठिकाण उघडले. तेच पुढे ई-बे म्हणून गाजले. तेथे आरंभीच एक मोडका लेझर दिवा १४ डॉलर ८३ सेंटला विकला गेला. दिवा मोडका आहे हे घेणाऱ्याला ठाऊक आहे ना, म्हणून ओमिद्यारने चौकशी केली, तेव्हा तो गृहस्थ मोडके लेझर दिवेच जमवीत असल्याचे कळले. एका गावात मोडक्या दिव्याचे गिऱ्हाईक सापडणार नाही; साऱ्या देशात मात्र एक तरी सापडते. विखुरलेली माणसे एका ठिकाणी आणणे, हेच या नव्या पेठेचे खरे सामर्थ्य होय.

तथापि सर्वच वस्तूंना हा मार्ग मानवत नाही. १९९८ साली निघालेल्या ‘पेट्स डॉट कॉम’ या कंपनीने पाळीव प्राण्यांचे खाद्य घरपोच देण्याचा धंदा मांडला. २००० च्या फेब्रुवारीत तिने शेअर विकून सव्वाआठ कोटी डॉलर उभारले. तिच्या जाहिराती घरोघर पोचल्या. त्याच नोव्हेंबरात तिने दार लावले. गिऱ्हाईक पुष्कळ होते. परंतु खाद्याची पोती जड, नफा थोडा, आणि माल खरेदीच्या किमतीहूनही स्वस्त विकलेला. शिवाय हे खाद्य कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतच होते. घड्याळाची आणि कुत्र्याच्या खाद्याची तुलना केली की सारा धडा हाती येतो.

आपल्या देशात २००७ साली सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी बंगळूरला फ्लिपकार्ट काढले. दोघेही ॲमेझॉनमध्ये काम केलेले, आणि त्यांनीही आरंभ पुस्तकांनीच केला. परंतु कार्डाचा क्रमांक अनोळखी दुकानाला द्यायला आपला माणूस कचरत होता. २०१० साली त्यांनी माल हाती पडल्यावर पैसे घेण्याची सोय सुरू केली. नाव नवे, तत्त्व मात्र आपल्या ओळखीच्या व्ही. पी. चेच. २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने १६०० कोटी डॉलर मोजून या कंपनीचा ७७ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सीअर्स कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यातून दुसरा धडा निघतो, आणि तो आमच्या मते अधिक गंभीर आहे. कोनाड्यात ठेवलेली पणती पुढे सारे घर व्यापते. पुस्तके विकणारा मग सर्वच विकू लागतो. त्याच्या भिंतीवर लहान व्यापारी आपापले कोनाडे काढतात. पण भिंत त्यांची नसते. ॲमेझॉन आपल्या आश्रयाला आलेल्या विक्रेत्यांची खाजगी माहिती वापरून त्यांच्याशीच स्पर्धा करते काय, याची चौकशी युरोपीय आयोगाने २०१९ साली आरंभिली. ती माहिती तशी वापरणार नाही, असे कंपनीकडून २०२२ च्या डिसेंबरात बांधून घेण्यात आले. तेव्हा परक्या भिंतीवर बसताना आपल्या गिऱ्हाइकांची ओळख आपल्याजवळ ठेवावी, हे शहाणपण होय.

आता आरंभीच्या बापलेकांकडे वळू. मुलगा विचारतो, काय विकू? इतिहास त्याला चार प्रश्न उलट विचारतो. आज कोणाची अडचण होते आहे? ती माणसे इतकी विखुरलेली आहेत काय की एका गावच्या दुकानाला ती परवडत नाहीत? वस्तू न पाहता घेता येईल अशी आणि वाटखर्च सोसणारी आहे काय? आणि गिऱ्हाइकाने तुझ्यावर विश्वास का ठेवावा?

या प्रश्नांची उत्तरे मुलाला एकट्याला सापडणे कठीण. ती पुष्कळदा बापापाशी असतात. जुन्या शिवणयंत्राचा कोणता सुटा भाग घेण्यासाठी बारा गावांची माणसे आपल्या दुकानाची पायरी चढतात, ती कोणता माल न मिळाल्याने रिकाम्या हाताने परततात, कोणत्या कारखान्याचा माल टिकतो आणि कोणाचा दगा देतो, हे तीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला पाठ असते. बारा गावच्या गिऱ्हाइकासारखेच गिऱ्हाईक बाराशे गावी असते, एवढेच त्याला माहीत नसते. आणि तेथवर जाण्याचा रस्ता मुलाला माहीत असतो. वॉर्ड आणि सीअर्स यांच्या ठायी ही दोन्ही ज्ञाने एकत्र नांदत होती. आपल्या घरांतून ती दोन पिढ्यांत वाटली गेली आहेत. रात्री दुकान बंद केल्यावर त्या दोघांनी शेजारी बसून जुन्या वह्या चाळाव्यात. कोनाडा बहुधा त्या वह्यांतच सापडेल.